फोर बाय फोर गाडी घेताना : बेस मॉडेल की टॉप मॉडेल?

आमच्या वाचकांत आमराया खंडाने घेणारे बागवान आहेत, चिऱ्याच्या खाणी चालवणारे आहेत, लाकडाचे व्यापारी आहेत आणि डोंगरावरच्या बंगल्यांची फॅब्रिकेशनची कामे घेणारे कारागीरही आहेत. या सर्वांना कधी ना कधी खडबडीत रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची गरज पडते. पूर्वी निवड सोपी होती. लष्करातून निघालेली जीप किंवा महिंद्राची एमएम ५४० घ्यायची, फार तर मारुतीची जिप्सी. आज एकाच गाडीच्या चार ते सहा पायऱ्या निघतात आणि सर्वांत खालची व सर्वांत वरची यांच्या किमतीत काही लाखांचा फरक असतो. या पायऱ्यांना शोरूममध्ये व्हेरियंट म्हणतात. कोणती पायरी घ्यावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे एक परिचित चिऱ्याच्या धंद्यात आहेत. त्यांनी मोठ्या हौसेने टॉप मॉडेल घेतले. छताला काच, मोठा पडदा, चामड्याच्या सीट, अठरा इंची अलॉय चाके, सगळे होते. जूनच्या पहिल्या पावसात खाणीतून यंत्रे वर काढायची वेळ आली, तेव्हा लाल मातीच्या चढावर मागची दोन चाके जागच्या जागी फिरू लागली. मग लक्षात आले, की गाडी दिसायला डोंगरी असली तरी जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो. ट्रॅक्टर बोलावून ती ओढावी लागली. त्याच पैशांत त्यांना दोन पायऱ्या खालची, पण चारही चाकांना जोर असलेली गाडी मिळाली असती. दुसऱ्या वर्षी त्यांनी ती तोट्यात विकली.

चूक कोठे झाली? त्यांनी माहितीपत्रक वरून वाचले. ते खालून वाचावयास हवे होते. गाडीच्या पोटाखाली जे बसवलेले असते ते नंतर बदलता येत नाही. पडदा, स्पीकर, सीटची कव्हरे, मागे पाहण्याचा कॅमेरा ही सर्व कामे पुढे बाजारात होतात आणि आपल्याच कारागीर बंधूंकडून निम्म्या खर्चात होतात. फोर बाय फोरची ट्रान्सफर केस मात्र कोणी गॅरेजवाला नंतर बसवून देत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीमध्ये नोंदलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली आहे. समोर लोखंडी गार्ड लावण्याची हौस असणाऱ्यांनीही जपून असावे. त्यावर कारवाई करण्याचे पत्र केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना पाठवले होते.

आता पोटाखालच्या वस्तू कोणत्या ते पाहू. पहिली म्हणजे डिफरन्शियल. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते आणि आतले कमी, म्हणून एकाच आसावरची दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरावीत अशी सोय त्यात केलेली असते. रस्त्यावर हे उत्तम. पण एक चाक चिखलात गेले की ते रिकामे फिरत राहते आणि कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. यावर दोन उपाय आहेत. एकात फिरणाऱ्या चाकाला गाडी आपोआप ब्रेक लावते, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. दुसऱ्यात दोन्ही चाके दातांनी किंवा क्लचने प्रत्यक्ष एकत्र बांधली जातात. याला लॉक म्हणतात. पहिला उपाय कधीमधी अडकणाऱ्याला पुरतो. पण लांब चिखलात सारखा ब्रेक लागून तो तापतो, आणि रोजच्या कामाला लॉकच चांगले.

दुसरी वस्तू लो गिअर. हा लीव्हर टाकल्यावर गाडी हळू चालते, पण चाकाशी जोर दोन ते अडीच पट होतो. भरल्या गाडीने उतार उतरताना तर याची किंमत अधिक कळते, कारण ब्रेक न तापवता इंजिनच गाडी धरून ठेवते. ‘फोर बाय फोर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. लो गिअर आहे का, हे वेगळे विचारावे. चारही चाकांना जोर देणाऱ्या काही गाड्यांत तो नसतोच.

आता प्रत्यक्ष बाजारात काय आहे ते पाहू, कारण कंपन्यांनी या वस्तू कोणत्या पायरीला बांधल्या आहेत यावरच सारा हिशेब ठरतो.

मारुतीची जिम्नी जून २०२३ मध्ये आली. तिच्या दोनच पायऱ्या, झेटा आणि अल्फा. फोर बाय फोर, लो गिअर, सहा एअरबॅग आणि उतारावर गाडी धरून ठेवणारी सोय दोन्हींत सारखीच. अल्फामध्ये मोठा पडदा, एलईडी दिवे, अलॉय चाके, बटणाने चालू होणारे इंजिन वगैरे जास्त. बाजारात आली तेव्हा गिअरवाल्या झेटाची शोरूम किंमत १२.७४ लाख आणि अल्फाची १३.६९ लाख होती. म्हणजे ९५ हजारांचा फरक, आणि चिखलात त्याचा उपयोग शून्य. येथे आमचे मत सरळ आहे. धंद्यासाठी झेटा घ्यावी. रात्री घाटातून वारंवार येणाऱ्याला मात्र चांगल्या दिव्यांचे महत्त्व आहे, त्याने अल्फा पाहण्यास हरकत नाही.

महिंद्राच्या पाच दारी थार रॉक्सचा मामला अगदी उलटा. ती १५ ऑगस्ट २०२४ रोजी आली. एमएक्स१, एमएक्स३, एमएक्स५ आणि वर एएक्स३एल, एएक्स५एल, एएक्स७एल अशा सहा पायऱ्या. यांत फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये, आणि तोही एमएक्स५ पासून. जाहिरातीत सुरुवातीची किंमत १२.९९ लाख दिसली, पण ती पेट्रोलवर चालणाऱ्या, मागच्या चाकांना जोर देणाऱ्या एमएक्स१ची. डोंगरासाठी गाडी हवी असलेल्याने खालच्या दोन पायऱ्यांच्या किमती वाचण्यात वेळ घालवू नये. त्याची बेस मॉडेल एमएक्स५च.

तीन दारी थारमध्ये तर पायऱ्याच सरकल्या. २०२० साली आलेल्या थारमध्ये एएक्स या साध्या पायरीतही फोर बाय फोर मिळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुधारित थार आली, तेव्हा साधी एएक्सटी मागच्या चाकांची आणि फोर बाय फोर एलएक्सटीवर, अशी मांडणी झाली. म्हणून भावाने चार वर्षांपूर्वी घेतली तीच पायरी मागू नये. त्या आठवड्याचे छापील पत्रक हातात घेऊनच बोलावे.

चाकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे स्वस्त वस्तू महागापेक्षा चांगली निघते. २०२० च्या थारमध्ये एएक्सला २४५/७५ आर १६ मापाचा टायर लोखंडी रिमवर आणि एलएक्सला २५५/६५ आर १८ अलॉयवर होता. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. हिशेब केला तर सोळा इंचीची भिंत सुमारे १८४ मिलिमीटर आणि अठरा इंचीची सुमारे १६६ मिलिमीटर भरते. उंच भिंतीचा टायर धोंड्यावर दबतो आणि धक्का पोटात घेतो. हवा कमी करून वाळूतून काढण्यासही तोच बरा. शिवाय लोखंडी रिम वाकली तर गावातला कारागीर ठोकून सरळ करतो. अलॉय तडकली की नवीच आणावी लागते. आपल्या ओळखीच्या कोणत्याही टायरवाल्याला विचारा, तो हेच सांगेल. शोरूममध्ये मात्र मोठी चाके ही वरच्या पायरीची शोभा म्हणून विकली जातात. दाराखालचे पायदानही तसेच. चढायला सोयीचे, पण खाली लोंबते आणि पहिल्याच धोंड्याला लागते.

आता कर, कारण व्यापाऱ्याला गाडी शोरूमच्या किमतीत पडत नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दोनच दर राहिले. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसी, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत इंजिन, तर १८ टक्के. त्यापुढे ४० टक्के. मागच्या चाकांच्या थारचे डिझेल इंजिन १४९७ सीसीचे आहे, म्हणून ती १८ टक्क्यांत बसते. फोर बाय फोर डिझेल थारचे इंजिन २१८४ सीसी, ती ४० टक्क्यांत जाते. करापूर्वीची किंमत १० लाख धरली तर पहिली ११ लाख ८० हजारांना पडते आणि दुसरी १४ लाखांना. जिम्नीचे इंजिन १४६२ सीसी एवढे लहान, पण पेट्रोल असल्याने तीही ४० टक्क्यांतच.

त्यावर आरटीओचा एकरकमी कर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११, २० लाखांपर्यंत १२ आणि पुढे १३ टक्के. डिझेलला अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के. म्हणजे डिझेलमध्ये एक लाखाची वरची पायरी घेतली की १४ हजार आणखी गेले. कंपनीच्या नावावर गाडी घेतल्यास हा दर २० टक्क्यांपर्यंत जातो, तेव्हा नाव कोणाचे घालायचे ते आधी आपल्या करसल्लागाराला विचारावे. विम्याचेही तसेच. २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये आणि १५०० सीसीच्या वर २४,५९६ रुपये.

आपल्या वाचकांत व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही असे ठरवलेले पुष्कळ जण आहेत. त्यांच्यासाठी पायरीचा प्रश्न हौसेचा राहत नाही. रोखीने जेवढे जमते तेवढ्यातच गाडी बसवायची, तर सनरूफचे पैसे लॉकवर गेले पाहिजेत. शोरूममध्ये सांगितली जाणारी सूट कधी कधी कर्ज काढणाऱ्यालाच असते, म्हणून ‘पूर्ण रोख, सर्व करांसह’ असे कोटेशन लेखी घ्यावे आणि दोन ठिकाणचे घ्यावे. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस कापला जातो. तो उत्पन्नाच्या विवरणपत्रात वळता होतो, त्याची पावती हरवू नये.

मात्र एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. बऱ्याच व्यापाऱ्यांना फोर बाय फोरची गरजच नसते. वर्षातून आठ दिवस चिखल आणि बाकी डांबर, अशांना मागच्या चाकांची आणि मागे लॉक असलेली गाडी पुरते. २०२१ साली आलेल्या बोलेरो निओमध्ये एन१० (ओ) या पायरीला यांत्रिक लॉक दिले गेले, खालच्या पायऱ्यांना नाही. येथे वरची पायरी घेणेच शहाणपणाचे, कारण जास्तीचे पैसे पोटाखालच्या वस्तूला जातात.

आणि माल वाहायचा असेल तर वरील एकही गाडी घेऊ नये. खासगी मोटारीच्या विम्याच्या पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते. नमुने आणि स्वतःचे सामान सोडून मालाची वाहतूक तीत बसत नाही. आंब्याच्या पेट्या किंवा लोखंडी अँगल भरून जाताना अपघात झाला, तर कंपनी दावा नाकारू शकते. अशा धंद्याला मालवाहू म्हणून नोंदली जाणारी पिकअप किंवा कॅम्पर पाहावी. पाट्यांचे सस्पेन्शन, भार पेलणारी, आणि बोलेरोच्या पिकअपमध्ये फोर बाय फोरही मिळालेला आहे. शिवाय करात मोठा फरक पडतो. ड्रायव्हर धरून तेरा जणांपर्यंतच्या प्रवासी गाडीवरचा जीएसटी साध्या व्यापाऱ्याला वळता करून घेता येत नाही. मालवाहू गाडीवरचा, धंद्यासाठी घेतली असेल आणि नोंदणी कंपोझिशनमध्ये नसेल तर, घेता येतो.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी एवढे करावे. मोकळ्या कच्च्या जागेवर लीव्हर फोर हायला आणि मग गाडी थांबवून फोर लोला टाकून पाहावा. दिवा लागतो का, चाल मंदावते का ते बघावे. मग खाली वाकून पुढच्या आसाला जाणारा शाफ्ट आहे की नाही तो डोळ्यांनी पाहावा, आणि बिलावर लिहिलेले व्हेरियंटचे नाव पत्रकातल्या नावाशी अक्षर न अक्षर जुळवूनच उरलेले पैसे द्यावेत.