क्रमिक पुस्तकांचा व्यवहार आणि ‘बालभारती’

पुस्तकांच्या धंद्यात क्रमिक पुस्तकाची जात निराळी. कादंबरी वाचक स्वतः निवडतो, स्वतः विकत घेतो आणि नावडली तर अर्ध्यावर टाकून देतो. क्रमिक पुस्तक निवडते शिक्षणखाते, त्याचे पैसे देतो पालक आणि ते वाचावे लागते बालकाला. त्या बालकाला मात्र कोणी काही विचारीत नाही. या तिढ्यातून मराठीत पुस्तकव्यवहार कसा उभा राहिला, हे आम्हां बृहन्महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी समजून घेण्याजोगे आहे. आमच्या मुलांच्या हाती पडणारे मराठी पुस्तक बहुधा राज्याच्या सीमेपलीकडून येते, आणि ते का येते किंवा का येत नाही याचे उत्तर त्या इतिहासात आहे.

अव्वल इंग्रजीत प्रकाशक म्हणजे जवळजवळ सरकारच होते. एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. शास्त्रीपंडित पगारावर बसले आणि गणित, भूगोल, नीतिकथा मराठीत उतरू लागल्या. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली वाचनपुस्तके तयार झाली आणि त्यांची भाषा कित्येक पिढ्यांच्या जिभेवर बसली. ती जराशी ताठ होती असे आमचे मत आहे. पण शुद्धलेखनाची शिस्त तिने लावली, हे नाकारता येत नाही.

विसाव्या शतकात खाजगी प्रकाशक पुढे आले. मॅकमिलन कंपनीने १९०१ साली मुंबईत आपली शाखा उघडली, ती मुख्यतः शाळाकॉलेजांच्या पुस्तकांवर नजर ठेवूनच. देशी प्रकाशकही मागे राहिले नाहीत. आचार्य अत्रे हे हाडाचे शिक्षक. त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने मुलाला रुचेल असे मराठी वर्गात आणले. स्पर्धेतून असे चांगले पुस्तक निपजे, ही त्या पद्धतीची जमेची बाजू. खर्चाची बाजूही मोठी होती. पुस्तक खात्याच्या मंजूर यादीत चढले की प्रकाशकाचे भाग्य उजळे, उतरले की छापलेल्या प्रती रद्दीच्या भावाने जात. त्यामुळे लेखकाच्या लेखणीइतकेच प्रकाशकाच्या एजंटाच्या पायपिटीला महत्त्व आले. थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्याला चालेल याचाही भरवसा राहिला नाही.

कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) विचारमंथनानंतर महाराष्ट्राने यावर तोडगा काढला. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ स्थापन झाले. हे भारदस्त नाव फारसे कोणी घेत नाही. तिच्या भाषेच्या पुस्तकाचे ‘बालभारती’ हेच नाव लोकांनी संस्थेला देऊन टाकले. धंद्याच्या दृष्टीने तिची रचना पाहण्यासारखी आहे. विषयवार समित्या मजकूर सिद्ध करतात, छपाई निरनिराळ्या मुद्रकांकडून करून घेतली जाते आणि विभागोविभागीच्या भांडारांतून पुस्तके जूनच्या आत गावोगाव पोहोचवायची असतात. शाळा उघडल्यावर महिन्याने आलेले पुस्तक निम्मे वाया गेले, हे आम्ही शाळा चालविणारे चांगले जाणतो. कागदाचा भाव चढला तरी किंमत पालकाला झेपेल एवढीच ठेवायची, हा दुसरा पेच.

मंडळाची पुस्तके मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू अशा आठ माध्यमांसाठी निघत आली आहेत. सिंधी किंवा तेलुगू पुस्तकाची थोडकी आवृत्ती कोणत्याही व्यापाऱ्याने आनंदाने काढली नसती. लाखांनी खपणारी पुस्तके हाती असलेल्या संस्थेलाच ते पेलते. १४ नोव्हेंबर १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिकही याच घरचे. त्याचे जुने अंक आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात, हे ज्या घरी ठाऊक नसेल त्यांनी अवश्य पाहावे.

पाठ्यपुस्तक सरकारकडे गेले तेव्हा व्यापारी स्वस्थ बसले, असे मात्र झाले नाही. राज्यभर एकच पुस्तक झाले म्हणजे त्या पुस्तकावरचे एकच मार्गदर्शकही राज्यभर खपू शकते! पूर्वी दहा वाचनमालांना दहा मार्गदर्शके लिहावी लागली असती. मुंबईची ‘नवनीत’ ही गाला कुटुंबाची संस्था १९५९ सालची, म्हणजे मंडळाहून वयाने थोरली. पुढे तिची मार्गदर्शके व प्रश्नसंच महाराष्ट्र आणि गुजरातेत घरोघर गेले. सरकारने पुस्तक एक केल्याने गाईडाचा बाजार रुंदावला, असा आमचा तर्क आहे. मुले पाठ न वाचता उत्तरे वाचू लागली, याचे दुःख शिक्षकाला होते. पण प्रश्नपत्रिका आम्हीच ठरीव साच्याच्या काढल्या, तर दोष एकट्या प्रकाशकाला कसा द्यावा?

अलीकडे गिऱ्हाईकही बदलले आहे. आठवीपर्यंत सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना पुस्तके मोफत मिळू लागल्यापासून मोठा खरेदीदार पालक नसून शासन आहे. दप्तराचे ओझे हलके व्हावे म्हणून २०२३ साली पुस्तकातच वहीची कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला. २०२५ साली तो मागे घेण्यात आला. निर्णय कागदावर सोपा दिसतो, पण लक्षावधी प्रतींत चार पाने वाढली की कागद, छपाई, वाहतूक सगळ्यांचे गणित फिरते.

आता आमच्या तापीकाठाकडे वळू. १९५६ पर्यंत बऱ्हाणपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. राजधानीच नागपूर असल्याने मराठी शिक्षणाचा कारभार घरचा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही भोपाळच्या छत्राखाली राहिलो. १९६८ साली मध्य प्रदेशाचेही पाठ्यपुस्तक निगम स्थापन झाले. त्याचा मुख्य व्यवहार स्वाभाविकच हिंदीतला. मराठी शिकवू इच्छिणाऱ्या घरांनी मग रावेर ओलांडून भुसावळ-जळगावहून पुस्तके आणली. आज ‘बालभारती’ची पुस्तके संगणकावर वा फोनवर फुकट उतरवून घेता येतात, तेव्हा ती पायपीटही उरलेली नाही.

येथे एक सूचना करावीशी वाटते. पुष्कळ पालक मुलासाठी पहिलीची ‘बालभारती’ उतरवून घेतात आणि चार दिवसांत हिरमुसतात. ते पुस्तक घरी मराठी बोलणाऱ्या पण अक्षर न ओळखणाऱ्या मुलासाठी आहे. आमच्या मुलांची स्थिती नेमकी उलटी असते. हिंदी शाळेमुळे देवनागरी त्यांना पाठ, ‘ळ’ तेवढा अडतो आणि ‘चमचा’तला ‘च’ ‘चिमणी’सारखा उच्चारला जातो, उणीव आहे ती शब्दांची आणि वाक्यरचनेची. अशांसाठी ‘सुलभभारती’ ही माला अधिक सोयीची. ती महाराष्ट्रातील अमराठी माध्यमांच्या शाळांसाठी रचलेली आहे, आणि २०२० च्या कायद्याने तेथे सर्व शाळांत मराठी सक्तीचे झाल्यापासून तिचे महत्त्व वाढले आहे. दुसरी-तिसरीतल्या मुलाने ‘सुलभभारती’च्या पहिल्या भागापासून सुरुवात करावी. रोज एक पान मोठ्याने वाचून घ्यावे, आणि आजी घरात असेल तर ते काम तिच्याकडेच सोपवावे.