गाढव कण्हत नाही

वऱ्हाडात आजही भट्टीवरच्या विटा, नदीची रेती आणि अरुंद गल्लीतल्या बांधकामाचा मलबा गाढवाच्या पाठीवरून जातो. पण हे जनावर झपाट्याने कमी होत आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात जेमतेम सव्वा लाखाच्या आसपास गाढवे उरली. २०१२ पेक्षा ६१ टक्के कमी. त्याचे दुखणे ओळखणारी माणसेही कमी झाली. गाय-म्हशीचे औषध गावोगाव मिळते, गाढवाचे अंदाजाने चालते.

घोड्याच्या पोटात दुखले की तो लोळतो, पाय आपटतो. गाढव फक्त मान खाली घालून उभे राहते, आणि मालक म्हणतो, थकले असेल. ही चूक महागात पडते. खाणे सुटलेल्या गाढवाच्या अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत, मूत्रपिंड निकामी होऊ लागतात. मूळ आजार साधा असतो, जनावर मात्र उपासाने जाते. लठ्ठ आणि गाभण मादीला हा धोका जास्त. म्हणून कडब्याला तोंड लावले नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवावा. ताप पाहतानाही गायीचा हिशेब लावू नये. साडेअडतीस अंश हे गायीचे नेहमीचे तापमान. गाढवाचे सदतीसच्या आसपास असते. त्याला साडेअडतीस म्हणजे ताप.

पाण्याचे तर विचारूच नका. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट. गाढव पाण्याच्या चवीबाबत फार चोखंदळ. नको असलेले पाणी ते पीत नाही. पाणी कमी आणि चारा कोरडा, मग आतड्यात गोळा अडकतो. उन्हाळ्यात घरी भरून ठेवलेल्या गोड्या पाण्यातला एक वाटा त्याचाही असावा. पारा ३७ अंशांवर गेला, की दुपारी १२ ते ३ ओझ्याच्या जनावराला कामाला जुंपू नये, असा १९६५ चा केंद्राचा नियम आहे. आपल्याकडे मार्चपासूनच तो रोज लागू व्हायला हवा!

औषधाचेही तसेच. गाढव म्हणजे लहान घोडा नव्हे. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक घोड्याच्या अंगात बराच वेळ टिकते, गाढवाच्या अंगातून फार लवकर निघून जाते. घोड्याच्या हिशेबाने दिले तर दुखणे तसेच राहते. उलट भुलीची काही औषधे गाढवाला जास्त लागू पडतात. कोंबड्यांचे उरलेले खाद्य तर कधीच घालू नये. त्यात अनेकदा मोनेन्सिनसारखे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, पण गाढव-घोड्याचे हृदय त्याने बंद पडते.

लंगडणाऱ्या जनावराला तापल्या लोखंडाने डागण्याची चाल जुनी आहे. मेळघाटात तर तान्ह्या बाळाच्या पोटावरही डंबा देतात. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः गाढवावर बसत, त्यांच्या एका गाढवाचे नाव उफैर होते. तोंडावर डाग दिलेले गाढव दिसले तेव्हा त्यांनी डागणाऱ्याचा धिक्कार केला, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. माणसाच्या उपचारातही डागणे त्यांना पसंत नव्हते. डागल्याने लंगडेपण जात नाही, जखम मात्र वाढते. खुरात खिळा गेला असेल तर धनुर्वाताची लस हवी. गाढवाला हा रोग पटकन होतो. पाठ सोलली असेल तर घाव भरेपर्यंत ओझे बंद. रॉकेल किंवा जळके ऑइल ओतू नये.

एका रोगावर मात्र इलाज नाही: ग्लँडर्स. नाकातून घट्ट, चिकट स्राव, अंगावर फुटणाऱ्या गाठी. तो माणसालाही होतो, म्हणून घरातल्या मुलांना अशा जनावरापासून दूर ठेवावे आणि पशुसंवर्धन खात्याला कळवावे. २००९ च्या कायद्याने कळवणे बंधनकारक आहे. जनावर जाईल या भीतीने लोक लपवतात; पण भरपाईची तरतूद आहे, आणि लपवलेला रोग शेजाऱ्याच्या दारात जातो.

१९६२ हा क्रमांक फिरवला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते, फोनला पैसे लागत नाहीत. अवघड दुखणे असेल तर अकोल्यातील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. फोनवर 'जनावर आजारी आहे' एवढेच सांगू नका. गाढव आहे, शेवटचे कधी खाल्ले, लीद कधी टाकली, हेही सांगा.