दबलेली नस आणि तिची नोंद

दोन मणक्यांमधील गादी सरकली की तिचा बाहेर आलेला भाग शेजारच्या मज्जातंतूच्या मुळावर दाब आणू शकतो आणि त्यातून हातात किंवा पायात उतरणारी कळ, मुंग्या, बधिरता वा अशक्तता उद्भवते. बोलीभाषेत ज्याला नस दबणे म्हणतात, त्या अवस्थेला वैद्यकात रॅडिक्युलोपॅथी असे नाव आहे. दाब थेट मज्जारज्जूवर येऊन त्याचे कार्य बिघडले, तर त्या अवस्थेला मायलोपॅथी म्हणतात.

हे भेद संकेतांकांत मांडण्याचे काम मेडिकल कोडिंग करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगवर्गीकरणाची विस्तारित आवृत्ती अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असून, तेथील विमा-दाव्यांवर तिच्यातील संकेतांक नोंदवावे लागतात. हे कोडिंगचे काम पुण्यासह भारतातील अनेक शहरांतूनही चालते. या आवृत्तीनुसार कंबरेतील गादी नुसती सरकली असेल तर एम५१.२६, त्याच भागात गादीच्या विकाराने रॅडिक्युलोपॅथी झाली असेल तर एम५१.१६ हा संकेतांक लागतो. मानेच्या गादीसाठी मात्र मूळ दबल्यास एम५०.१ आणि मज्जारज्जू बाधित झाल्यास एम५०.० या गटांकडे वळावे लागते.

हे संकेतांक देणारा कोडर रुग्णाला तपासत नाही, तो केवळ नोंद वाचतो. त्यामुळे डॉक्टरांनी ‘गादी सरकली, पाय दुखतो’ एवढेच लिहिले, तर नस दबल्याचे निदान त्याला स्वतःहून गृहीत धरता येत नाही. बाह्यरुग्णाच्या बाबतीत ‘संशय आहे’ असे लिहिलेले निदानही ग्राह्य धरले जात नाही, तेथे लक्षणाचाच संकेतांक द्यावा लागतो. मुळीच वेदना नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी आढळत असल्याने, नस दबल्याचे निदान करताना चित्राला तपासणीची जोड आवश्यक ठरते: कंबरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी सरकल्यास बहुधा पाचवे कटिमूळ दबून पायाचा अंगठा वर उचलण्याची शक्ती कमी होते, तर तिच्याखालच्या गादीने त्रिकास्थीचे पहिले मूळ दबल्यास घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते.

एम५१.१६ या संकेतांकात डाव्या-उजव्या बाजूचा निर्देशच नसल्यामुळे ती माहिती केवळ डॉक्टरांच्या नोंदीत टिकते. म्हणून कोणती गादी, कोणते मूळ, कोणती बाजू आणि तपासणीत काय आढळले, या चार गोष्टी आपल्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिल्या आहेत की नाहीत, हे रुग्णानेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.