वाटूरच्या विहिरीतले बुडबुडे

सकाळी 6:30. वाटूर फाट्यावर चहा, आणि लगेच शेताकडे. ऊन चढायच्या आत विहिरीत उतरलेलं बरं.

7:15. विहीर नवी, अजून न बांधलेली; काठावर डबराचा ढीग. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड, त्याखाली घट्ट काळा कातळ. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातला वायू वर चढला आणि आधीच थिजलेल्या सायीखाली अडकला. मांजऱ्याची भोकं ती हीच.

8:00. दगडावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बारीक पेनानं प्रत्येक भोकाची कड गिरवायची. बरीच भोकं रिकामी नाहीत: कडेला हिरवा लेप, आत पांढरा झिओलाइट. भरलेला असला तरी बुडबुडाच, मोजायचा. ताणलेले, दोनाचे एक झालेले वेगळ्या रंगानं.

10:00. विहिरीचे मालक वरून डोकावतात. "काय मोजायलात, सर?"

"दगडातली हवा, काका."

"ती तर कवाच गेली असंल की!"

खरंच गेली. म्हणून इथल्या भोकांवरून लाव्ह्यात मुळात किती वायू होता हे सांगता येत नाही, आणि कुणी सांगू नये असं माझं ठाम मत आहे. उघड्यावर वाहताना बहुतेक वायू हवेत निघून जातो. समुद्राच्या तळाशी तसं होत नाही. तीन किलोमीटर पाण्याखाली सुमारे तीनशे वातावरणांचा दाब असतो; पाण्याची वाफ शिलारसातच विरघळून राहते, बुडबुड्यांत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड सापडतो. जेम्स मूर यांनी हवाईजवळच्या खडकांत 1965 सालीच दाखवलं, की खोली वाढते तसे बुडबुडे लहान आणि विरळ होतात. 1985 मध्ये अटलांटिकच्या तळातून काढलेला एक बेसाल्ट तर जहाजावर लाह्यांसारखा तडतडला, इतका वायू आत कोंडलेला. बुडबुड्यांतला आणि झटकन थिजलेल्या लाव्ह्याच्या काचेत विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मिळवला, की मूळ प्रमाणाचा अंदाज येतो.

12:00. तळाशी गेरूचा लाल पट्टा. म्हणजे हा लाव्हा इथं संपला. त्याच्या लगत उभ्या, नळीसारख्या पोकळ्या. चार मीटर लाव्ह्याचं ओझं म्हणजे जवळपास एक वातावरण, त्यामुळे तेवढ्या जाडीच्या थरात तळचा बुडबुडा वरच्याच्या निम्म्या आकारमानाचा हवा. या गुणोत्तरावरून त्या वेळच्या हवेचा दाब आणि जमिनीची उंची काढायची रीत सहाजियान आणि माउस यांनी 1994 मध्ये मांडली. मात्र थर थिजता थिजता आतून फुगला असेल, तर हिशेब चुकतो. दख्खनमध्ये असे थर पुष्कळ.

1:30. भाकरी, ठेचा.

4:00. प्लॅस्टिकवर क्रमांक आणि वरची दिशा.

7:00. संगणकावर व्यास. दगडाचा काप प्रत्येक बुडबुड्याच्या मधोमध जात नाही, म्हणून वर्तुळं खऱ्यापेक्षा लहान दिसतात. आधी ती दुरुस्ती, मग तळ आणि माथ्याची तुलना.