डोळा नुसता टिकवायचा की जिवंत ठेवायचा?



दहावीला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा पाठ शिकवताना आपण मुलांना पारपटल, बुबुळ, दृष्टिपटल दाखवतो. मग एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, डोळ्यात टाकलेलं औषध आत जातं कसं?” प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधताना आपल्या बेलापूरसारख्या गावातल्या मटणाच्या दुकानातली एक टाकाऊ वस्तू फार उपयोगी पडते – बकऱ्याचा डोळा.

थेंब टाकला की बरचसं औषध गालावर ओघळतं, काही अश्रूंच्या वाटेने नाकात उतरतं. म्हणूनच घशाला कडू चव लागते. डोळ्याच्या आत साधारण ५ टक्क्यांहूनही कमी औषध पोहोचतं, कारण समोर पारपटलाची राखण असते. त्याचा वरचा थर तेलकट गुणाचा, मधला जाड थर पाणीदार. पाण्यात विरघळणारं औषध पहिल्याच दारात अडतं, तेलात विरघळणारं दुसऱ्या. नवा थेंब किंवा जेल तयार करताना हे अडणं मोजावंच लागतं.

पूर्वी अशा कामांत जिवंत सशांवर फार भिस्त असे. औषधाने किंवा रसायनाने डोळ्याला इजा होते का, हे सशावर पाहणारी ड्रेझ चाचणी १९४४ सालची. आता पहिल्या टप्प्याचं बरंच काम कत्तलखान्यातून आणलेल्या डोळ्यांवर होतं. आपल्याकडच्या फार्मसी महाविद्यालयांत त्यासाठी बकऱ्याचा डोळा सर्रास वापरतात. पारपटल भोवतीच्या पांढऱ्या भागाच्या बारीक कडेसह कापून काढतात आणि ‘फ्रांझ डिफ्यूजन सेल’ या काचेच्या उपकरणात दोन कप्प्यांच्या मधे बसवतात. वर औषध, खाली क्षारांचं द्रावण. ठरावीक वेळाने खालचं थोडं द्रावण काढून त्यात किती औषध उतरलं ते मोजतात.

खरी मेख आहे ती डोळा प्रयोगशाळेपर्यंत नेण्यात. मग फॉर्मालिनमध्ये का ठेवत नाहीत? फ्रीझरमध्ये का नाही? हे मुलांना कोथिंबिरीवरून छान समजतं. खारवलेली कोथिंबीर टिकते, पण ती ताजी राहत नाही. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली बाहेर काढली की लिबलिबीत होते, कारण बर्फाच्या कणांनी तिच्या पेशी फुटलेल्या असतात. ओल्या फडक्यात गुंडाळून गारव्याला ठेवलेली मात्र टवटवीत राहते. डोळ्याचंही तसंच. फॉर्मालिन प्रथिनांना घट्ट जखडतं. शाळेत रचना दाखवायला असा डोळा चालतो, औषधाच्या चाचणीला नाही. म्हणून डोळा काढल्यावर लगेच थंड सलाईनमध्ये, सुमारे ४ अंश सेल्सिअसला, न गोठवता नेतात आणि काही तासांतच वापरतात. काही ठिकाणी ग्लुकोज असलेलं रिंगर द्रावण वापरतात, म्हणजे पेशींना शिदोरीही मिळते.

हयगय झाली तर? पारपटलाच्या सर्वांत आतला पेशींचा थर सतत पाणी बाहेर फेकत असतो. तो थकला की पारपटल फुगतं, धुरकट होतं. वरचा थर फाटला तर औषध भराभर खाली उतरतं आणि प्रयोग सांगतो, “औषध उत्तम!” रुग्णाच्या धडधाकट पारपटलातून मात्र ते जातच नाही. म्हणून प्रयोगानंतर पारपटलाचं वजन करतात, वाळवून पुन्हा करतात. ओलं १०० मिलिग्रॅम आणि वाळलेलं २२ भरलं, तर पाणी ७८ टक्के. ७६ ते ८० टक्के असेल तर ठीक. ८३च्या पुढे गेलं तर ऊतीला इजा झाली असं समजून तो निकाल धरत नाहीत.

नेत्रदानातही हेच तत्त्व आहे. मृत्यूनंतर शक्यतो ६ तासांच्या आत नेत्रदान व्हावं लागतं. १९७४ साली पुढे आलेल्या ‘एमके’ द्रावणात पारपटल ४ अंशांवर सुमारे ४ दिवस राहतं. ‘ऑप्टिसोल’मध्ये सुमारे १४ दिवसांपर्यंत. तिथेही नुसतं कुजू न देणं पुरेसं नाही. पेशी जगायला हव्यात.

वर्गात किंवा घरी करून पाहायला सोपा उपक्रम: कोथिंबिरीच्या ३ सारख्या काड्या घ्या. एक मिठाच्या दाट पाण्यात, एक फ्रीझरमध्ये, एक ओल्या फडक्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी मुलांनाच विचारा, “यातली टिकली कोणती आणि जगली कोणती?”