चहाच्या चित्रामागचे हात

सोलापुरी चादरीवरची नक्षी एकाच्या हातून उतरत नाही. आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवणारा वेगळा, त्यावरून जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पंच करणारा वेगळा, मागावरचा विणकर वेगळा. म्हणून अशाच अनेक हातांतून उतरलेली, जपानी चित्रकार मिझुनो तोशिकाताची ‘चा नो यु निचिनिचिसो’ ही चित्रमालिका सोलापूरकरांनी जरूर पाहावी.

१८९६-९७च्या सुमारास अकियामा बुएमोन या प्रकाशकाने काढलेल्या या लाकडी ठशांच्या चित्रांत चहाच्या विधीचे टप्पे आहेत. शेगडीत कोळसा रचणं हाही त्यातला एक विधीच. वाडग्यात हिरव्या चहाची पूड घ्यायची, बांबूच्या पळीने गरम पाणी ओतायचं, बांबूच्याच रवीने घुसळायचं. दूध-साखर नाही; गोड खायचं ते आधी. चित्रांत बहुतेक बायकाच दिसतात. पूर्वी हा प्रांत मुख्यतः पुरुषांचा होता; मेइजी सम्राटाच्या काळात मुलींच्या शिक्षणात चहा आला, आणि तो बदल तोशिकाताने नेमका टिपला.

पण त्याने काढली ती फक्त रेषा. त्याचा पातळ कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवत आणि कोरक्या रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकी. मूळ चित्र त्यातच नष्ट होई! पुढे रंगागणिक वेगळी फळी. प्रत्येक फळीवर कागद बसवायच्या खुणा कोरलेल्या असत. त्या केसभर चुकल्या तरी किमोनोचा रंग रेषेबाहेर सांडणार. छपाईला यंत्र नव्हतं. छापणारा ब्रशने फळीवर रंग आणि भाताची खळ पसरी, त्यावर दमट कागद ठेवी आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घासे. गडद रंग हळूहळू फिका होत जातो, ती किमया या हाताची. फळीवरचा रंग तो दर प्रतीला नव्याने कमी-जास्त करी. माझ्या मते या चित्रांतला सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

तरी चित्र ओळखलं जातं ते तोशिकाताच्या नावाने. तो मोठाच होता, चित्रकार योशितोशीचा शिष्य. पण कोरक्याचं नाव क्वचित कुठे समासात सापडतं, छापणाऱ्याचं त्याहून विरळा. आपल्या चादरीवर कारखान्याचं लेबल असतं. नक्षी काढणाऱ्याचं आणि कार्ड पंच करणाऱ्याचं नाव नसतं. सोलापूरच्या कारखानदारांनी ही दोन नावं लेबलवर छापायला सुरुवात करावी.