नाव गळते कोठें?

उन्हाळ्याच्या सुट्टींत वैनगंगेच्या कांठीं ओढून ठेवलेली लांकडी नाव आपण कधीं पाहिली असेल, तर तिच्या फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसतो हें आपल्या ध्यानांत आलें असेल. शहरांतला मनुष्य म्हणेल, ही आतां जळणाच्याच कामाची. नावाडी मात्र मृगाच्या आधीं तिला पाण्यांत बुडवून ठेवतो आणि कांहीं दिवसांत त्या भेगा आपोआप मिटतात. लांकूड पाणी प्यालें म्हणजे रुंदीनें फुगतें. लांबीनें तें जवळजवळ वाढत नाहीं. त्या फुगण्यानेंच फळीला फळी भिडते.

मग नाव गळते कोठें? पुष्कळदां ती पाण्याखालीं गळत नाहीं, पाण्याच्या वर गळते. नाळेवरच्या फळ्या, मोठ्या होडींत ज्या जमिनीला डेक म्हणतात ती, जेथें बाजूच्या फळीस मिळते तो सांधा खरा दुबळा. तो कधींच पुरता भिजत नाहीं. आमच्या ब्रह्मपुरीचा उन्हाळा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. त्या उन्हांत सांधा आकसतो, लाटेचे शिंतोडे बसले कीं किंचित् फुगतो, पुन्हां आकसतो. शिवाय घाटाचा धक्का तेथेंच बसतो आणि चढणारा उतारू पायही तेथेंच देतो. रिकाम्या नावेंत ही दरज पाण्याच्या बरीच वर असते, म्हणून दोष दिसत नाहीं. नाव माणसांनीं भरली व खालीं बसली म्हणजे ती पाण्याला टेकते. जेव्हां पाणी मुळींच आंत यावयास नको, नेमकें तेव्हांच तें येतें.

नोकरीच्या पहिल्या वर्षीं मी नदीपलीकडच्या शाळेवर जात असें. एका श्रावणांत मजुरीला निघालेल्या बायांनीं नाव भरली होती. मध्यावर पोहोंचतों तों पाणी घोट्याला लागलें. एकजण डब्यानें उपसूं लागला. कांठावर तर डांबराचा जाड थर तुळतुळीत दिसत होता. मीं विचारलें तेव्हां म्हातारा नावाडी म्हणाला, "गुरुजी, वरून लावलं, आंत कापूस नाही." उन्हानें ताठरलेला तो थर फळी हलतांच तडकला होता. दरज भरावयाची असते, झांकावयाची नसते, हें मला त्या दिवशीं कळलें.

भरण्याची रीत अशी : जुना मसाला खरवडून काढावा, लांकूड सुकूं द्यावें, पिळलेल्या कापसाची वात बोथट छिनीनें व लांकडी हातोड्यानें ठोकून बसवावी. फार कडक ठोकूं नये. लांकूड फुगल्यावर तीच वात पाचरीसारखी होऊन खिळे सैल करते. वर तेलांत कढविलेली राळ ओतावी. नुसती राळ कांचेसारखी फुटते. तेल तिला लवचिक ठेवतें. ही लवचिकता आमच्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. अजिंठ्याच्या चित्रांतील जहाजावरून गोव्यांत बांधलेलें आणि मे २०२५ मध्यें नौदलांत दाखल झालेलें 'कौंडिण्य' जहाज काथ्याच्या दोरीनें शिवलेलें आहे. शिवण लाटेबरोबर थोडी देते, म्हणून ती टिकते.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुरानें आमच्या तालुक्यांतील लाडजसारखीं गांवें वेढलीं. अशा वेळीं ज्या होड्यांवर जीव अवलंबून असतात, त्यांत फायबरच्याही असतात. फायबरची होडी म्हणजे दोन टरफलें : खालचें अंग एका सांच्यांतून, वरचें दुसऱ्यांतून, दोहोंच्या कडा मसाला घालून बोल्टांनीं जोडतात व वर रबराची पट्टी बसवितात. येथेंही दुखणें तेंच. ऊन मसाला वाळवितें, धक्के बोल्ट सैल करतात. पट्टीच्या वरून नवा मसाला फांसणें म्हणजे तें डांबरच. पट्टी काढावी, जुनें सर्व खरवडावें, कडा पुसून कोरड्या कराव्या, मग नवा, रबरासारखा लवचिक राहणारा मसाला भरावा. बोल्ट एकदम आवळल्यास सगळा मसाला बाहेर येतो. प्रथम बेताचे आवळावे. सिलिकोन मला पसंत नाहीं. तें एकदां लागलें कीं त्या जागीं पुढें रंगही धरत नाहीं.

परंतु छिद्र सांपडावें कसें? पाणी एका ठिकाणीं शिरतें, कडेच्या आंतून हातभर वाहत जातें आणि भलतीकडेच ठिबकतें. येथें आम्हां मास्तरांचें शस्त्र उपयोगी पडतें. आंतली बाजू कोरडी करून तिच्यावर खडूची पूड भुरभुरावी. मग दुसऱ्यानें बाहेरून हळूंहळूं पाणी सोडावें, आधीं खालच्या भागावर, मग वर. उलट केल्यास वरून ओघळलेलें पाणी घोटाळा करतें. पांढऱ्या पुडींत पहिली ओली रेघ उमटेल तिच्या वरच्या टोंकापाशीं छिद्र.

मसाला पुरता वाळेपर्यंत होडी पाण्यांत घालूं नये. डब्यावर जो अवधि लिहिला असेल तितका थांबावें. नंतर उतारूंच्या वजनाइतकीं वाळूचीं पोतीं भरून ती कांठाजवळ, कमरेइतक्या पाण्यांत, तासभर उभी करावी आणि आंतली पूड पुन्हां पाहावी.